दुसरा हातमोजा

“दुसरा कुठाय?” माईनं विचारलं.

लग्न होऊन आमच्या घरात आल्यावर तिनं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे. सकाळची वेळ, निफाडची डिसेंबरातली थंडी, अंगणात बंब पेटलेला आणि मी बंबाला खेटून बसलेली. उजव्या हातात निळा हातमोजा, डावा हात मांडीखाली दाबलेला. पुढं मी तिला माई म्हणायला लागले म्हणून इथंही माईच म्हणते. तेव्हा मी तिला काहीच म्हणत नव्हते. काही सांगायचं झालं तर भिंतीकडं बघून सांगायची.

“नाही,” मी म्हटलं.

“हरवला?”

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही.”

ती वाकली आणि माझ्या हाताकडं बघत राहिली. “बोटं उघडी ठेवायचं डोकं कुणाचं?”

“माझ्या आईचं.”

“चांगलं डोकं आहे,” ती म्हणाली आणि बंबात दोन ढलप्या सारून आत गेली. मला इतका राग आला. तिनं मोज्याला नाव ठेवलं असतं तर भांडायला निमित्त तरी मिळालं असतं.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. चारुशीला मुरलीधर बोरस्ते, इयत्ता सहावी, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. नाना, म्हणजे माझे वडील, वीज बोर्डात वायरमन होते. कुठं खांब पडला, कुठं तार तुटली की सायकलला पिशवी लावून निघायचे, ते येतील तेव्हा येतील. आई गेल्याला वर्ष होत आलं होतं. वर्षभर मी आणि नाना दोघंच. भाकरी मी थापायची आणि नानांनी ती निमूट खायची, असं आमचं चाललेलं. मग नात्यातल्या बायकांनी दुसरं लग्न कर म्हणून नानांचं डोकं खाल्लं आणि नाशिकहून ही आली. एक ट्रंक कपड्यांची आणि एक गोणपाट भरून लोकर.

आता त्या मोज्याचं सांगते. आमच्याकडची थंडी म्हणजे पुण्यामुंबईच्या लोकांसारखी कौतुकाची नव्हे. द्राक्षाच्या बागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर घड जळून जातात. शाळा सकाळची, वर्गाच्या खिडक्यांना काचा नाहीत, आणि बाई आल्या आल्या शुद्धलेखन घालायच्या. बोटं अशी आखडायची की पेन धरवायचं नाही. पुरते हातमोजे घातले तरी पेन धरता येत नाही. तेव्हा आईनं ठरवलं, बोटं मोकळी ठेवायची आणि नुसता पंजा झाकायचा. एक सरळ चौकोनी पट्टी विणायची, मनगटाशी जरा आवळती. ती दुमडून कडेनं शिवायची आणि शिवताना अंगठ्यापुरती फट सोडायची. झाला मोजा. डावा-उजवा भेद नाही, कुठलाही कुठल्याही हातात घाला. विणायला तिला कुणी रीतसर शिकवलं नव्हतं. गुंजाळकाकू भिंतीपलीकडं बसून विणायच्या, त्यांचं भिंतीवरून बघून बघून ती शिकली.

पहिला मोजा झाला. दुसरा निम्मा झाला आणि तिला कावीळ झाली. नाशिकच्या दवाखान्यात जाताना तिनं लोकरीची पिशवी बरोबर नेली. म्हणाली, तिथं पडून काय करू, येईन तोवर होईल. परत आली ती पिशवीच. नानांनी ती मधल्या खोलीत दारामागच्या खुंटीला अडकवली आणि तिला हात लावायचा नाही हे आम्ही दोघांनी न बोलता ठरवून टाकलं. कधी घरी कुणी नसलं की मी पिशवीत नुसतं नाक घालायची. आतलं काढून पसरून बघायची हिंमत मात्र झाली नाही. त्या थंडीत आणि पुढच्या थंडीत मी एकच मोजा घालून हिंडले. पोरं मला ‘एकहाती’ म्हणायची. मी दोघातिघांना बदडल्यावर म्हणायची बंद झाली.

मला दवाखान्यात कुणी नेलंच नाही. लहान पोरांना आत सोडत नाहीत, म्हणाले. दहाव्याला आलेली जी ती बाई माझ्या डोक्यावरून हात फिरवायची आणि दुसरीला सांगायची, “सुटली बिचारी.” सगळ्यांच्या तोंडी तेच. मी एका कोपऱ्यात बसून विचार करायची, सुटली म्हणजे कशातून? दुखण्यातून की आमच्यातून? तिला सुटायचंच होतं का? की तिला घरी यायचं होतं? वर्षभर मला एवढं एकच जाणून घ्यायचं होतं. धडा वाचताना, भाकरी थापताना, झोपताना तेवढंच. एकदा धीर करून नानांना विचारलं, “नाना, आई शेवटी काय म्हणाली?”

“जेव. गार होतंय,” नाना म्हणाले. आणि आपलंच ताट सारून उठले.

पुन्हा मी विचारलं नाही.

माईचं एक होतं, ती माझ्या वाटेला गेली नाही. लाडीगोडी नाही, ‘मला आई म्हण’ नाही. कामं उरकायची आणि ओट्यावर उन्हात विणत बसायची. नाशिकला ती बायकांच्या एका संस्थेत विणकाम शिकवायची. तिच्या सुया चालायच्या तेव्हा तिचं लक्ष दुसरीकडंच असायचं, रस्त्यानं जाणाऱ्या बैलगाडीकडं नाहीतर पाखडून ठेवलेल्या डाळीकडं. आठ दिवसांत आळीतल्या बायका आपापली विणकामं घेऊन ओट्यावर जमायला लागल्या. आणि माई त्यांना सोडायची नाही.

“काकू, खाली उलटा टाका पडलाय,” तिनं गुंजाळकाकूंना सांगितलं. काकूंचा नातवाचा स्वेटर काखेपर्यंत आला होता.

“कुठं गं? एवढासा तर आहे. कोण बघतंय?”

“मी बघतेय ना. उसवा.”

“अगं बाई, आठ दिवसांचं काम आहे.”

“चुकलेलं अंगावर घालायचं नाही,” माई म्हणाली. काकूंच्या हातून तिनं स्वेटर घेतला, सुई ओढून काढली आणि सरसर सगळं उसवलं. काकूंचं तोंड बघण्यासारखं झालं. बाकीच्या हसल्या. मी मात्र दारातून आत खुंटीकडं पाहिलं. आईनं भिंतीवरून बघून शिकलेलं विणकाम. त्यात चुका नसतील असं कसं होईल? आणि ही बाई एक ना एक दिवस खुंटीवरची पिशवी काढणार, उघडून बघणार आणि सरसर उसवून टाकणार. आईच्या हातचं शेवटचं तेवढंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी दप्तरात कोंबली आणि शाळेत घेऊन गेले. मग रोजच. दप्तर मांडीवरून खाली ठेवायचं नाही, मधल्या सुट्टीतही पाठीवर. पण चित्रकलेच्या तासाला बाकडी सरकवली, तेव्हा दप्तर खाली ठेवावं लागलं. कुणाचा तरी पाय लागला, दप्तर लवंडलं आणि पिशवी बाहेर घरंगळली. दोन सुयांपैकी एक टण्णकन फरशीवर पडली. तिच्यावरचे टाके मोकळे. ते तसेच उघडे, तोंड वासून राहिलेले. दुसऱ्या सुईवरचे तेवढे शाबूत होते.

मला विणकामातलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं की आता धागा जरा ओढला गेला तरी खालपर्यंत उसवत जाणार. मी मोकळ्या टाक्यांची कड दोन्ही हातांच्या चिमटीत धरली आणि तशीच बसले. बाईंनी विचारलं तरी बोलले नाही. शाळा सुटली तशी तशीच घरापर्यंत चालत आले, दप्तर मैत्रिणीच्या खांद्यावर देऊन. बोटांत गोळे आले होते. नाना लासलगावकडं लाइनवर गेले होते. घरात फक्त माई.

मी ओट्यापुढं उभी राहिले. काय म्हणून हाक मारायची तेच समजेना.

तिनं वर पाहिलं. माझ्या हातात काय आहे ते दिसताच ती उठलीच. “धरून ठेव. हलवू नको. बस इथं, माझ्यापुढं.” आतून एक बारीक सुई घेऊन आली आणि माझ्या बोटांच्या फटीतून एकेक टाका उचलायला लागली. एक टाका दोन ओळी खाली निसटला होता. तो तिनं सुईच्या टोकानं पायरी पायरीनं वर आणला.

“सोड आता,” ती म्हणाली. मी बोटं सोडली. ती सरळच होईनात. तिनं माझे हात आपल्या हातात घेऊन चोळले, आणि मी ओढून घेतले नाहीत.

मग तिनं विणकाम उन्हात धरलं. ती बराच वेळ बघत होती. एक टाका नखानं जरा फाकवून पाहिला, त्याच्या शेजारचा पाहिला.

“आईला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. बघून बघून.”

“तरीच. मागून सुई घालते ती.”

“चुकलंय?”

काकूंच्या स्वेटरची गोष्ट दोघींच्याही डोक्यात असणार. सुलट टाका घेताना सुई पुढून घालतात, आई मागून घालायची. त्यानं प्रत्येक टाक्याला पीळ बसायचा. सरळ उभा राहायच्या ऐवजी टाका मांडी घालून बसल्यासारखा दिसायचा. हे सगळं मला पुढं कळलं. तेव्हा मी फक्त माईच्या तोंडाकडं बघत होते.

“नाही चुकलं,” ती म्हणाली. “तिची तशी पद्धत आहे.” मग, “पुरा करू?”

आईनं एक मोजा नव्हता विणायला घेतला, दोन घेतले होते. माझ्या दोन्ही हातांसाठी. एकच घालून हिंडताना मला सारखं वाटायचं की तिचं काहीतरी राहून गेलंय आणि कुणाला त्याचं काही नाही.

“उसवायचं नाही,” मी म्हटलं.

“नाही उसवणार.”

“एक टाकासुद्धा नाही.”

“एकही नाही.”

“मग करा.”

पण तिनं लगेच हातात घेतलं नाही. करड्या लोकरीचा एक तुकडा घेऊन बसली आणि त्यावर मागून सुई घालायचा सराव करायला लागली. दोन-चार टाके जमायचे आणि मग हात आपल्या वळणावर जायचा. ती जीभ चावायची, उसवायची, पुन्हा घालायची. डोळे मिटून विणणारी बाई, आता नाकाशी धरून विणत होती. “हात मेला ऐकतच नाही,” पुटपुटायची. मला हसू यायचं, पण मी दाबायची.

एका दुपारी नाना जेवायला आले तर हिचं तेच चाललेलं. “काय करतेस?” त्यांनी विचारलं.

“चुकायला शिकतेय,” माई म्हणाली.

नानांना काही कळलं नाही. ते हात धुवायला गेले. मला कळलं, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला आपणहून पाणी नेऊन दिलं.

करड्या तुकड्यावर हात बसल्यावर तिनं निळं हातात घेतलं. रोज थोडं थोडं करायची. मी शाळेतून आले की आधी ओट्यावर जाऊन बघायची. पट्टी वाढत होती. मी दुरूनच बघायची, जवळ जाऊन बघायचं धाडस होत नव्हतं. वाटायचं, पुरी होऊ दे, मग हातात घेईन आणि नीट बघेन.

रविवारी पुरी झाली. माईनं कड बंद केली, पट्टी दुमडून शिवली, अंगठ्याची फट सोडली आणि मोजा माझ्यापुढं धरला. गुंजाळकाकूही बसल्या होत्या. मी डाव्या हातात घातला. उजव्यात जुना होताच. दोन्ही हात पुढं धरून पाहिले.

“आता गं बाई,” काकू माईला म्हणाल्या, “कुठला कुणाचा ओळखूसुद्धा येईना. हात आहे की काय तुझा शालन.”

माई हसली. ती तेव्हा खरंच खुशीत होती. मी मात्र मोजा काढला आणि उन्हाकडं धरला. मनगटापासून वर एकेक ओळ नखानं चाचपत गेले. कुठं तरी एक रेघ असणार, इकडं आई आणि तिकडं ही. रंगात जरासा फरक, टाक्यात जरासा फरक, काहीतरी. मधे थोडं सैल लागत होतं, पण ते हळूहळू सैल होत होतं आणि हळूहळूच आवळत होतं. वरपर्यंत गेले, पुन्हा खाली आले. उलटा करून आतल्या बाजूनं पाहिला. रेघ नव्हतीच.

“आईचं कुठवर आहे?” मी विचारलं.

“ओळख बघू,” माई म्हणाली. तिला वाटलं मी कौतुकानं विचारतेय.

“सांगा ना.”

“कशाला हवंय? सगळं एकच झालंय आता.”

आणि माझा बांध फुटला. वर्षभरात मी कुणापुढं रडले नव्हते, ती त्या ओट्यावर भर उन्हात काकूंच्या देखत रडले. “मला बघायचंय ती कुठं थांबली,” मी म्हटलं. “मला कुणी दवाखान्यात नेलं नाही. नाना बोलत नाहीत. सगळे म्हणतात सुटली, सुटली. तिला घरी यायचं होतं का नव्हतं, ते मला कुणी सांगत नाही. तिच्या हातात शेवटी एवढंच होतं, आणि तेही तुम्ही झाकून टाकलंत.”

“पोरी, असं बोलू नये गं,” काकू म्हणाल्या. “बाईनं जीव ओतून…”

“काकू,” माई म्हणाली, “तुम्ही जरा घरी जा.”

काकू उठल्या. माईनं मोजा उचलून मांडीवर घेतला. मला वाटलं, आता रागावणार.

“खरं आहे तुझं,” ती म्हणाली. “मी मुद्दाम झाकलं.”

“का?”

“दिसू नये म्हणून.”

“काय दिसू नये?”

तिनं आत जाऊन कात्री आणली. शिवण कापली, पट्टी मोकळी केली, बंद केलेली कड सोडवली आणि उसवायला लागली. सरसर नाही, सावकाश. कुरळा झालेला धागा ती आपल्या पंजाभोवती गुंडाळत होती. पंधरा दिवसांचं काम तिच्या हातांनीच जात होतं आणि तिच्या कपाळावर एक आठी नव्हती. मी नाक ओढत बघत होते.

जिथं पट्टी सैल होती तिथं आल्यावर ती थांबली. मग एकेक टाका सोडवायला लागली, सुई लावून. शेवटचा सोडवला आणि पट्टी माझ्या मांडीवर पसरली. “हे बघ. खालचं हे एकसारखं आहे ना? हे घरी विणलेलं. इथून बघ आता.”

मी पाहिलं. इथून टाके मोठे होत गेले होते. प्रत्येक ओळ खालच्या ओळीपेक्षा थोडी अधिक सैल. वरच्या ओळींमधून तर ऊन आरपार येत होतं.

“हे दवाखान्यातलं,” माई म्हणाली. “हातात जोर राहिला नव्हता तिच्या. धागा ओढून धरायलाही जोर लागतो. मी तिच्यासारख्याच चार ओळी सैल घेतल्या आणि मग हळूहळू आवळत नेलं. म्हटलं, तुला दिसलं तर तू विचारशील, आणि मग मला सांगावं लागेल.”

“दुखत होतं का तिला?”

“दुखत असणार.”

इतक्या दिवसांत मला सरळ उत्तर देणारी ती पहिलीच. मला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं.

“पण टाका एकही सोडलेला नाही बघ,” माई म्हणाली. “हात चालत नव्हता तरी एकही नाही.”

“मग सुटली म्हणतात ते?”

माईनं लोकरीचा धागा बोटानं उचलला. “तू हे घेऊन आलीस त्या दिवशी धागा कुठं होता, आठवतंय?”

“नाही.”

“मधोमध होता. आत्ता आहे तसाच. अर्धे टाके या सुईवर, अर्धे त्या. म्हणजे ओळ अर्धी विणून झालेली आणि अर्धी राहिलेली.”

“मग काय त्याचं?”

“अगं, विणणारी बाई अर्ध्या ओळीवर काम ठेवत नाही. सुई निसटते, टाके जातात. दूध उतू जाऊ दे, दारात कुणी उभं असू दे, ती म्हणणार, एवढी ओळ करते नि येते. मी म्हणते, काकू म्हणतात. तुझी आई म्हणत नव्हती?”

म्हणायची. मी शाळेतून आल्या आल्या भूक लागली म्हणून पाय आपटायची आणि ती मान वर न करता म्हणायची, थांब गं चारू, एवढी ओळ करते. ते मी वर्षभर विसरून गेले होते.

“मग अर्ध्यात ठेवतात ते कधी?” माई म्हणाली. “लगेच परत हातात घ्यायचं असतं तेव्हाच. डॉक्टर आले असतील तपासायला, नाहीतर इंजेक्शनवाली आली असेल. तिनं हे उशाशी ठेवलं असेल, आत्ता घेते म्हणून. आवरून ठेवायचं असतं तर ओळ पुरी करून, सुया गुंड्यात खोचून ठेवल्या असत्या. ज्या बाईला सुटायचंय ती असं ठेवत नाही, चारू. तिला हे संपवायचं होतं. तुझ्या हातात घालायचं होतं. तिला घरी यायचं होतं.”

मी त्या अर्ध्या ओळीवर बोट ठेवलं. शेवटचा टाका सगळ्यांत मोठा होता, त्यात माझी करंगळी गेली असती. त्याच्या पुढचे टाके तसेच वाट बघत बसले होते. आईला यायचं होतं. आणि ती आली नव्हती. दोन्ही एकदम खरं होतं. मला ती इतकी हवी झाली, इतकी हवी झाली की मी माईच्याच दंडाला धरून बसले. तिनं पाठीवरून हात फिरवला नाही की उगी म्हणाली नाही. नुसता दंड माझ्याकडं राहू दिला.

बऱ्याच वेळानं तिनं सुया उचलून माझ्या हातात दिल्या.

“ही ओळ मी करायला नको होती,” ती म्हणाली. “तू कर.”

“मला येत नाही.”

“मी सांगते. मला आता येते तिची पद्धत.”

ती माझ्या मागं सरकून बसली आणि माझ्या हातांवरून आपले हात आणले. “मागून घाल सुई. पुढून नाही, मागून. हां. आता धागा फिरव. ओढून घे. सोड.”

पहिला टाका वेडावाकडा आला. दुसरा घट्ट बसला. तिसरा टाका मांडी घालून बसला, अगदी खालच्यांसारखा. आईची बोटं इथं अशी वळली असणार, धागा असाच या बोटावरून गेला असणार. तेवढं मला कळत होतं, बाकी काही नाही. माईचे हात कधी बाजूला झाले ते मला समजलं नाही.

फाटक वाजलं. नाना आले होते. सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला, पिशवीतली अवजारं वाजली.

“चारू, पाणी आण गं,” नानांनी हाक मारली.

“आले नाना,” मी मान वर न करता म्हटलं. “एवढी ओळ करते.”

अवजारांचा आवाज थांबला. माई पाणी आणायला म्हणून उठायला लागली, तर नानांनी हातानंच तिला बस म्हणून खूण केली. मग चपला न काढता ते ओट्याच्या पायरीवर टेकले. माझी ओळ पुरी होईपर्यंत ते तसेच, माझ्याकडं पाठ करून, बसून राहिले.